शीड दिसतं, पातं दिसत नाही

शिडाची होडी लांबून बराच वेळ पाहत बसलं की एक गोष्ट खटकायला लागते. वारा समोरून येत असतो आणि होडी त्याच्याच रोखानं सरकत असते. सरळ नाही, आधी थोडी डावीकडे, मग वळून थोडी उजवीकडे. पण अर्ध्या तासानं पाहावं तर ती वारा येतो त्या बाजूला खरोखर पुढे गेलेली असते. वारा ढकलतो म्हणून होडी चालते, एवढंच आपल्याला ठाऊक असतं. मग ढकलणाऱ्याच्याच अंगावर ती चालून कशी जाते?

हा प्रश्न मला पडला तेव्हा मी उत्तर शिडात शोधत होतो. शीड मोठं, फुगलेलं, डोळ्यांत भरणारं. साहजिकच सगळं श्रेय त्याला जातं. शिकायला लागल्यावर एक दिवस शिकवणाऱ्या बाईंनी भर पाण्यात होडीच्या मधलं उभं पातं वर ओढायला सांगितलं. शिडाला हात लावायचा नाही, फक्त पातं वर. होडीची पुढची चाल मंदावली आणि ती खेकड्यासारखी आडवी वाहू लागली. पातं खाली सोडलं, तशी पुन्हा सुटली. वारा तोच, शीड तेच. उत्तराचा निम्मा भाग पाण्याखाली आहे हे त्या दिवशी कळलं. तेव्हापासून कुठलीही होडी समोर आली, मग ती शिडाची असो, इंजिनाची असो की वल्ह्याची, मी पहिला प्रश्न हाच विचारतो: हिच्या पाण्याखाली काय आहे?

कापलेला पतंग, धरलेला पतंग

पतंग कापला गेला की वाऱ्याबरोबर वाहत जातो, गोते खातो आणि कुठेतरी पडतो. तोच पतंग दोर ताणून धरला की वर चढतो. दोर नसेल तर पतंगाला वाऱ्याचा उपयोगच करून घेता येत नाही, कारण वाऱ्याला विरोध करणारं काही उरत नाही. शिडाच्या होडीत शीड म्हणजे पतंग आणि पाण्याखालचं पातं म्हणजे तो ताणलेला दोर. लहान होड्यांत हे पातं वर-खाली करता येतं, त्याला सेंटरबोर्ड म्हणतात. मोठ्या होड्यांत ते तळाला कायमचं जोडलेलं, शिसं किंवा लोखंड भरलेलं असतं, त्याला कील म्हणतात.

आता शिडाकडे येऊ. वारा मागून असेल तर शीड वाऱ्याला अडवतं आणि होडी ढकलली जाते, यात कोडं काहीच नाही. वारा बाजूनं किंवा तिरका समोरून असेल तेव्हा शीड वेगळं काम करतं: ते वाऱ्याला वळवतं. शिडाचा आकार किंचित बाकदार असतो. तिरका आलेला वारा त्या बाकाबरोबर वळून मागच्या बाजूला जातो. शिडानं वाऱ्याला एका बाजूला वळवलं की वारा शिडाला दुसऱ्या बाजूला रेटतो. आतल्या बाजूला हवेचा दाब थोडा जास्त, बाहेरच्या फुगीर बाजूला थोडा कमी, असा तो रेटा प्रत्यक्षात उतरतो.

इथे एक चुकीचं स्पष्टीकरण फार पसरलेलं आहे, ते खोडून काढायला हवं. बाहेरच्या बाजूच्या हवेला लांबचा रस्ता असतो, तिला आतल्या हवेबरोबरच पलीकडे पोहोचायचं असतं, म्हणून ती वेगानं धावते, असं सांगितलं जातं. दोघींनी एकाच वेळी पोहोचावं असा निसर्गाचा कुठलाही नियम नाही. बाहेरची हवा वेगानं जाते हे खरं, पण ती आतलीच्या आधीच पोहोचते. शीड वारा वळवतं, म्हणून रेटा मिळतो. एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

हा रेटा मुख्यतः होडीला आडवं लोटणारा असतो, त्याचा थोडासाच भाग पुढच्या दिशेला असतो. पातं नसेल तर होडी मुकाट आडवी जाईल. पण पातं आडव्या दिशेला भिंतीसारखं उभं आहे आणि पुढच्या दिशेला सुरीसारखं पातळ. कपाटाचा खण तिरका रेटला तरी तो खाचेतूनच सरकतो, तसं काहीसं. आडवा रेटा पातं पेलतं, पुढचा रेटा उरतो, आणि होडी पुढे सुटते.

खणाची उपमा एका ठिकाणी अपुरी पडते, आणि ती जागा होडी चालवणाऱ्याला माहीत हवी. पातं हे खरं तर पाण्यातलं शीडच आहे. होडी अगदी नाकासमोर जात नाही, काही अंश आडवी सरकत जाते. त्यामुळे पाणी पात्यावर किंचित तिरकं येतं, पातं ते वळवतं आणि त्यातून उलटा रेटा मिळवतं. पाणी हवेपेक्षा सुमारे ८०० पट घन, म्हणून एवढ्या मोठ्या शिडाला एवढंसं पातं पुरतं. पण हे सगळं पाणी पात्यावरून वाहत असेल तरच. होडी थांबली की पातं निकामी होतं. म्हणून नवख्याची होडी वाऱ्याच्या फार जवळ तोंड करून रेंगाळते आणि आडवी वाहते. त्यानं नाळ, म्हणजे पुढचं टोक, वाऱ्यापासून थोडं दूर नेऊन आधी वेग घ्यावा, मग हळूहळू वाऱ्याकडे चढावं. वाऱ्याकडे लवकर पोहोचायचं तर आधी जरा दूर जावं लागतं.

अगदी वाऱ्याच्या तोंडावर मात्र कुठलीच शिडाची होडी जाऊ शकत नाही. वारा येतो त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंशांचा पट्टा बंद असतो. शर्यतीच्या चांगल्या होड्या तो थोडा अरुंद करतात. त्या पट्ट्यात शीड नुसतं फडफडतं. म्हणून तो नागमोडी रस्ता. एकदा वारा डाव्या गालावर, मग नाळ वाऱ्याच्या रेषेतून पलीकडे काढून वारा उजव्या गालावर. या वळणाला टॅक म्हणतात. बरोबर ४५ अंशांनी गेलं तर वाऱ्याकडे १ मैल पुढे सरकायला सुमारे १.४ मैल चालावं लागतं. होडीनं वाऱ्याला दिलेलं हे भाडं समजा.

आणखी एक गोष्ट नवख्याला चकवते. होडीवर जाणवणारा वारा आणि खरा वारा वेगळे असतात. समजा खरा वारा १२ नॉटचा आहे. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, १.८५२ किलोमीटर. वारा पाठीवर घेऊन होडी ५ नॉटनं चालली आहे. अंगाला वारा लागतो फक्त ७ नॉटचा. ऊन छान, पाणी शांत, शीड पूर्ण उघडलेलं. मग परत फिरायची वेळ येते. नाळ वाऱ्याकडे वळवून ४५ अंशांवर तीच होडी ५ नॉटनं निघाली की अंगावर येणारा वारा जवळपास १६ नॉट होतो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गानं वाढतो, म्हणजे दोन मिनिटांपूर्वीच्या वाऱ्यापेक्षा हा पाचपट जोरानं आदळतो. वारा वाढलेला नाही, आपण फिरलो आहोत. जाताना मजेत गेलेले लोक येताना घाबरतात ते यामुळे. म्हणून पाठवाऱ्यावर जाताना अधूनमधून पाण्याकडे पाहावं. दूरवर लाटांच्या माथ्यांवर पांढरा फेस दिसू लागला तर तिथं वारा साधारण १० नॉटच्या आसपास किंवा वर आहे. माथ्यामाथ्यावर फेस असेल तर नवख्यानं वेळेत परत फिरलेलं चांगलं.

एका हातात दांडा, दुसऱ्या हातात दोर

लहान शिडाच्या होडीत चालवायच्या मुख्य वस्तू दोनच. एक टिलर, म्हणजे सुकाणूचा दांडा. दुसरी शीट. शीट हे शिडाचं नाव नव्हे, शीड आवळणारा आणि सैल सोडणारा दोर म्हणजे शीट.

टिलर उलटा चालतो: दांडा डावीकडे ढकलला की होडी उजवीकडे वळते. पहिला दिवस यातच जातो, दुसऱ्या दिवशी हाताला सवय होते. शीटचं शिक्षण मात्र कधी संपत नाही. त्याचा मूळ नियम एका ओळीचा आहे: शीड फडफडेपर्यंत सोडा, फडफड थांबेपर्यंत ओढा. त्यापुढे ओढू नका. बहुतेक सगळे नवशिके शीड गरजेपेक्षा जास्त आवळतात, कारण आवळलेलं शीड भरलेलं आणि ताकदवान दिसतं. पण त्यात वारा वळत नाही, अडतो. होडी कलते, चालत नाही. ही चूक ओळखता यावी म्हणून शिडाच्या दोन्ही बाजूंना लोकरीचे छोटे धागे चिकटवलेले असतात. दोन्ही धागे सरळ मागे वाहत असतील तर शीड बरोबर आहे. वाऱ्याकडचा धागा नाचू लागला तर शीट थोडी ओढा किंवा नाळ वाऱ्यापासून दूर न्या. पलीकडचा धागा लोंबकळू लागला तर शीट सोडा किंवा नाळ वाऱ्याकडे आणा. इतकं स्वस्त आणि इतकं खरं बोलणारं यंत्र मी दुसरं पाहिलेलं नाही.

घाबरगुंडी उडाली तर काय करायचं हे पहिल्याच दिवशी शिकून घ्यावं. शीट सोडून द्या. बाजूच्या किंवा तिरक्या समोरच्या वाऱ्यात शीट सुटली की शीड फडफडू लागतं, होडी सरळ होते आणि मंदावते. टिलरही सोडला तर बहुतेक लहान होड्या आपण होऊन वाऱ्याकडे तोंड फिरवतात. आवळून धरणं ही माणसाची उपजत प्रतिक्रिया असते; पाण्यात तिच्या उलट वागायचं असतं.

पाठवाऱ्यावर मात्र हा उपाय चालत नाही. तिथं शीड आधीच पूर्ण बाहेर असतं, सोडायला काही उरलेलं नसतं. आणि तिथंच जाइब नावाचं वळण येतं: होडीचा मागचा भाग वाऱ्याच्या रेषेतून पलीकडे जातो, आणि शीड ज्या आडव्या काठीला बांधलेलं असतं ती काठी, म्हणजे बूम, एका कडेवरून दुसऱ्या कडेवर झेपावते. टॅक घेताना बूम फडफडत शांतपणे येतो. जाइबमध्ये तो वाऱ्याची सगळी ताकद घेऊन डोक्याच्या उंचीवरून फिरतो. शिडाच्या होडीवरच्या गंभीर दुखापतींची ही एक नेहमीची वाट आहे. ठरवून जाइब घ्यायचा असेल तर सगळ्यांना सांगा, शीट ओढून बूम मध्यावर आणा, मग वळा आणि लगेच शीट सोडा. अगदी पाठीवर वारा घेऊन जाणं टाळावं, वारा जरा एका बाजूनं येऊ द्यावा. शीड अवचित पलटण्याची भीती त्यानं बरीच कमी होते.

आता मला फार आवडणारी गोष्ट: तोल. होडी पडते की नाही तो तोल नव्हे, तर शीड आणि पातं यांच्यातला. शिडाचा सगळा रेटा एका बिंदूत लागतो असं समजा, आणि पाण्याखालचा विरोधही एका बिंदूत. शिडाचा बिंदू पात्याच्या मागे असेल तर होडी आपसूक वाऱ्याकडे वळू पाहते. पुढे असेल तर वाऱ्यापासून दूर पळते. बांधणारे हा हिशेब असा जमवतात की होडीनं किंचित वाऱ्याकडे वळायची ओढ ठेवावी, कारण हात सुटला तर तिनं थांबायला हवं. पण होडी कलली की ही ओढ वाढते आणि टिलर हातातून निसटू पाहतो. नवशिका तेव्हा दंडात जोर काढतो. त्याचं सुकाणू तिरकं होऊन पाण्यात आडवं उभं राहतं, म्हणजे तो एका हातानं होडी चालवतोय आणि दुसऱ्यानं रोखतोय. टिलर जड लागला की आधी शीट थोडी सोडावी, होडी सरळ करावी. तरीही जड लागत असेल तर शीड लहान करावं, म्हणजे त्याचा खालचा पट्टा गुंडाळून बांधावा. याला रीफ म्हणतात. रीफ घ्यावा का असा प्रश्न मनात आला, तीच रीफ घ्यायची वेळ. वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो, आणि तेव्हा नाचत्या होडीवर शीड बांधणं अनुभवी माणसालाही कठीण जातं.

तोल साधलेली होडी काय करू शकते याचं माझं आवडतं उदाहरण जोशुआ स्लोकम याचं. १८९५ ते १८९८ या काळात त्यानं ‘स्प्रे’ नावाच्या सुमारे ३७ फुटी लाकडी होडीतून एकट्यानं पृथ्वीप्रदक्षिणा केली. असं करणारा तो पहिला. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेच्या थर्सडे बेटापासून हिंदी महासागरातल्या कीलिंग बेटांपर्यंतचा सुमारे २,७०० मैलांचा टप्पा त्यानं २३ दिवसांत पार केला, आणि त्या सगळ्या दिवसांत मिळून तो सुकाणूवर तीन तासांपेक्षा जास्त बसला नाही, असं त्यानं स्वतः नोंदवलं आहे. इंजिन नाही, दिशा सांभाळणारं यंत्र नाही. सुकाणूचं चाक बांधून ठेवायचं आणि शिडं अशी लावायची की होडी आपली वाट आपण धरेल.

तळ पाहून होडी ओळखावी

होड्यांची नावं अनेक आहेत आणि ती पाठ करण्यात फारसा अर्थ नाही. तळ कसा आहे हे पाहिलं की होडीचा स्वभाव कळतो.

छोटी, पात्याची, एक-दोन माणसांची शिडाची होडी म्हणजे डिंगी. तिच्यात वजन असतं ते माणसांचंच. वारा वाढला की कडेवर बसून अंग बाहेर टाकायचं. चुकलं की ती आडवी होते, आणि शिकण्यासाठी ती उत्तम असण्याचं हेच कारण: चूक लगेच कळते, आणि पाच मिनिटांत दुरुस्तही होते. ऑप्टिमिस्ट ही मुलांची होडी क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये आखली. प्लायवूडच्या पाट्यांतून बनवता यावी अशी, जेमतेम २.३ मीटर लांबीची, पुढून चौकोनी पेटीसारखी. आजही जगभरची मुलं तिच्यावरच शिकतात. तिच्यानंतरची पायरी बहुतेकदा लेझर, ४.२३ मीटरची, एका शिडाची. डिंगी उलटली तर पोहत किनारा गाठायचा विचार करू नये. होडीजवळ राहावं, नाळ वाऱ्याकडे आणावी, शीट सैल करावी आणि पाण्याबाहेर आलेल्या पात्यावर चढून पूर्ण वजन टाकावं. ती उठते. माणसाचं डोकं पाण्यात लांबून दिसत नाही, उलटलेली होडी दिसते. हेही तिला न सोडण्याचं कारण.

कीलच्या होडीचा स्वभाव उलटा. वारा आला की ती आधी सहज कलते आणि नवख्याला वाटतं, आता गेली. पण जितकी कलते तितकं खालचं वजन तिला परत ओढतं. डिंगी सुरुवातीला ठाम आणि मग अचानक हार मानणारी, कीलची होडी सुरुवातीला मऊ आणि नंतर अधिकाधिक हट्टी. त्या वजनाची किंमत खोलीत मोजावी लागते. दीड-दोन मीटर खोल पाणी नसेल तर ती तळाला टेकते.

दोन तळांची कॅटमरान या दोघींपेक्षा निराळी. हे नाव तमिळमधल्या ‘कट्टुमरम’ म्हणजे बांधलेले ओंडके यावरून आलं. दोन तळ एकमेकांपासून दूर असल्यामुळे ती जवळजवळ कलतच नाही, उथळ पाण्यात जाते, आणि तळ अरुंद असल्यामुळे वेगवान असते. पण कलणं हा होडीचा इशारा असतो. कॅटमरान तो देत नाही, म्हणून तिच्यावर वाऱ्याचा आकडा पाहून शीड लहान करावं लागतं. आणि मोठी कॅटमरान उलटली तर उलटीच तरंगत राहते. टॅक घेतानाही ती अडखळते: हलकी असल्यामुळे साठवलेला वेग चटकन संपतो आणि नाळ वाऱ्यासमोर अडकते. वळण्याआधी वेग हवा, वळताना घाई नको.

वेगाची गोष्ट निघालीच आहे तर एक मर्यादा सांगायला हवी, कारण तिच्यामुळेच होड्यांचे दोन मोठे वर्ग पडतात. पाणी बाजूला सारत जाणारी होडी स्वतःची लाट तयार करते. वेग वाढला की त्या लाटेची लांबी वाढते. एका वेगाला लाट होडीइतकीच लांब होते. नाळ एका माथ्यावर, मागचं टोक दुसऱ्या माथ्यावर, मध्ये खळगा. याहून जोरात जायचं तर होडीला स्वतःच्याच लाटेचा चढ चढावा लागतो. एकोणिसाव्या शतकात विल्यम फ्रूड यांनी हौदात छोट्या प्रतिकृती ओढून लाट आणि लांबीचं हे नातं तपासलं. अंदाजाचा हिशेब असा: पाण्याच्या रेषेवरची लांबी फुटांत घ्या, तिचं वर्गमूळ काढा, १.३४ नं गुणा, उत्तर नॉटमध्ये. १६ फुटांना सुमारे ५.४ नॉट, ३६ फुटांना ८. लांब होडी वेगवान का, आणि इंजिन दुप्पट केलं तरी जड होडी जोरात का जात नाही, हे इथं कळतं.

यातून सुटायचा एक मार्ग म्हणजे पाण्यावर चढून घसरत जाणं. वेगाच्या मोटारबोटींचा तळ मागच्या बाजूला सपाट असतो. ताकद दिली की नाळ आधी आभाळाकडे उचलली जाते, मग होडी लाटेचा चढ ओलांडून पाण्यावर झोपते आणि एकदम सुसाट होते. तो मधला टप्पा, नाळ वर आणि समोरचं काही दिसत नाही, तो लवकर पार करावा. अशीच होडी संथ चालवली की ती इकडेतिकडे भरकटते, कारण पाण्यात धरून ठेवायला तिला खोल तळच नाही. तळात काही बिघाड नाही, तो त्या कामासाठी घडलेलाच नाही. पाण्यावरच्या स्कूटरबाबत, जिला लोक सरसकट जेट स्की म्हणतात, एक गोष्ट जिवावरची आहे. ती पाण्याचा झोत फेकून वळते. समोर काही आलं की माणूस घाबरून वेग सोडतो, झोत थांबतो आणि वळणंही थांबतं. ती सरळ तशीच जाते. वळायचं असेल तर थोडा वेग द्यावाच लागतो.

कयाकबद्दल, म्हणजे वल्ह्यानं चालवायच्या छोट्या होडीबद्दल, थोडक्यात: लांब आणि अरुंद असेल तर सरळ जाते, वळायला आढेवेढे घेते, आखूड आणि रुंद असेल तर उलट. पहिल्यांदा बसणाऱ्यानं रुंद घ्यावी.

थांबणं सगळ्यात अवघड

होडीला ब्रेक नसतात, हे ऐकायला साधं वाटतं. धक्क्याला लावताना त्याचा अर्थ कळतो. सुकाणूवरून पाणी वाहत असेल तरच ते काम करतं, म्हणजे होडी मंद झाली की वळणंही मंद होतं. शिवाय मोटारगाडीत पुढची चाकं वळतात आणि मागचा भाग मागोमाग येतो. होडीत मागचा भाग बाहेर फेकला जातो आणि म्हणून नाळ वळते. धक्क्यापासून निघताना चाक गर्रकन फिरवलं की मागची कड धक्क्याला घासते, ती यामुळे. इंजिनाचा पंखाही आपली खोड काढतो. बऱ्याच होड्यांत तो मागून पाहिलं तर पुढे जाताना घड्याळाच्या दिशेनं फिरतो. उलटा चालवला की मागचा भाग डावीकडे सरकतो. ज्याला हे माहीत असतं तो डावी बाजू धक्क्याला लावतो, कारण थांबण्यासाठी उलटा गिअर टाकला की होडी आपसूक धक्क्याकडे येते.

वारा आणि प्रवाह यांपैकी ज्याचा जोर जास्त, त्याच्या समोरून यावं. मग तोच तुमचा ब्रेक होतो. सोबत आलात तर तो धक्क्यावर नेऊन आदळेल. इंजिन सतत चालू न ठेवता थोडा जोर, मग न्यूट्रल, मग पुन्हा थोडा जोर, असं यावं. जमत नाही असं वाटलं तर निघून जावं, फेरी मारून परत यावं. हातापायांनी होडी अडवायला कुणालाही सांगू नये. टनावारी वजन बोटांनी थांबत नाही.

नांगराबद्दलही गैरसमज मोठा. नांगर वजनानं धरतो असं वाटतं, पण तो तळात रुतून धरतो आणि रुततो तेव्हाच, जेव्हा त्याला आडवं ओढलं जातं. म्हणून दोर लांब हवा. पाणी ४ मीटर, नाळेची पाण्यापासून उंची १ मीटर, भरतीला पाणी आणखी २ मीटर चढणार, बेरीज ७. दोर याच्या पाचपट ते सातपट, म्हणजे ३५ ते ४९ मीटर. आखूड दोरावर लाट नांगराला वर उपटते. नांगर टाकल्यावर किनाऱ्यावरच्या दोन खुणा एका रेषेत धरून ठेवाव्यात. रेष मोडली तर होडी सरकते आहे. लहान होडीत नांगर नाळेवरूनच टाकावा. मागून टाकला तर लाटा सखल कडेवरून आत येतात.

त्या बेरजेतल्या भरतीचं गणितही समजून घ्यावं. जिथं दिवसातून दोनदा भरती येते तिथं पाणी साधारण सहा तास चढतं, पण एकसारखं नाही. ढोबळ हिशेब बारा भागांचा: पहिल्या तासाला १ भाग, मग २, ३, ३, २ आणि शेवटी १. पाणी एकूण ३.६ मीटर चढणार असेल तर पहिल्या तासात ३० सेंटीमीटर आणि तिसऱ्या तासात ९०. मधल्या दोन तासांत प्रवाहाचा जोर सर्वाधिक. अमावास्या-पौर्णिमेनंतरच्या उधाणाला हे सगळं वाढतं, भांगाच्या, म्हणजे कमी भरती-ओहोटीच्या, दिवसांत उतरतं. वारा एका बाजूनं आणि प्रवाह त्याच्या विरुद्ध असेल तर लाटा उभ्या आणि जवळजवळ येतात. तोच वारा, तीच जागा, पण दोन तासांपूर्वी शांत असलेलं पाणी ओळखू येत नाही.

वाट कुणी कुणाला द्यायची हे १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांत ठरलेलं आहे. ते १९७७ पासून लागू झाले. शिडाच्या दोन होड्यांत वारा वेगवेगळ्या कडांवर असेल तर ज्याच्या डाव्या कडेवर वारा त्यानं वाट द्यायची; दोघींना वारा एकाच कडेवर असेल तर वाऱ्याच्या बाजूला असलेल्यानं. दोन इंजिनाच्या होड्यांचे रस्ते छेदत असतील तर ज्याला दुसरी आपल्या उजवीकडे दिसते त्यानं. समोरासमोर असतील तर दोघांनी उजवीकडे वळायचं. इंजिनवाल्यानं शिडवाल्याला वाट द्यायची, पण मागून येऊन पुढे जाणाऱ्यानं सगळ्यांनाच द्यायची, मग तो शिडाचा का असेना. आणि अरुंद खाडीत मोठ्या जहाजाला दुसरी वाट नसते. २० मीटरपेक्षा लहान होडीनं आणि कुठल्याही शिडाच्या होडीनं त्याच्या आड येऊ नये. टक्कर होणार का हे ओळखायची जुनी रीत अशी: समोरची होडी ज्या दिशेला दिसते ती दिशा बदलत नसेल आणि आकार वाढत असेल, तर टक्कर होणार.

तरंगायचं जॅकेट अंगात घालायचं, बाकाखाली ठेवायचं नाही. न्यूटन हे त्याच्या तरंगवण्याच्या जोराचं माप. ५० न्यूटनचं जॅकेट पोहता येणाऱ्याला तरंगायला मदत करतं, बेशुद्ध माणसाचं तोंड वर वळवेल असा त्याचा भरवसा नाही. ते काम १०० किंवा १५० न्यूटनच्या लाइफजॅकेटचं. मोटारबोटीत चालवणाऱ्याच्या पायाला किंवा मनगटाला इंजिन बंद करणारी दोरी बांधलेलीच हवी. चालक पडला आणि बोट गोल फिरत परत त्याच्यावर आली, असं खरंच घडतं. पोहणारा माणूस जवळ आला की इंजिन न्यूट्रल नव्हे, बंद.

नवी होडी हातात आली की मी एक गोष्ट न चुकता करतो. मोकळ्या पाण्यात, आसपास कुणी नसेल तिथं जाऊन तिला थांबवतो. शीट सोडतो, इंजिन असेल तर बंद करतो आणि काहीही करत नाही. चाल पूर्ण संपली की बहुतेक होड्यांची नाळ हळूहळू वाऱ्यापासून दूर पडते आणि त्या वाऱ्याला आडव्या होऊन वाहू लागतात. काही लगेच पडतात, काही रेंगाळतात, एखादी वाऱ्याकडेच पाहत राहते. किती वेळ लागतो ते मोजतो. मग उलटा गिअर टाकून मागचा भाग कुठल्या बाजूला जातो ते पाहतो. एखादी तरंगती वस्तू पाण्यात टाकून तीच धक्का समजतो आणि वाऱ्यासमोरून तिच्याजवळ येऊन थांबायचा प्रयत्न करतो, चार-पाच वेळा, शेवटी हात लांब करून ती अलगद उचलता येईपर्यंत.